खास गिऱ्हाइकाची बरणी

गजूभाऊंनी बरणीचं झाकण फिरवलं आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखा फुस्स आवाज आला. पाठोपाठ वास आला. आंबट, दारूच्या जवळ जाणारा. गजूभाऊंनी बरणी माझ्या नाकापुढे धरली, जणू तो जॅम मीच आंबवला होता.

एका अर्थी त्यांचं बरोबर होतं. गजूभाऊ नागपुरातले लग्नाचे केटरर. डेझर्टमध्ये टिनमधला जॅम वापरू नका, संत्र्याचा घरगुती जॅम घ्या, असं त्यांना मीच सांगितलं होतं. तो करणाऱ्या प्रणालीचं नावही मीच सुचवलं होतं. प्रणाली प्रताप नगरात राहते. शाळेतली नोकरी सोडून तिने घरी जॅमचं काम सुरू केलं, आणि तिला शिकवलं मी. मी फळप्रक्रियेच्या फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला होते. रिटायर झाल्यापासून घरगुती उद्योग करणाऱ्यांना सल्ला देते. सल्ला देणं म्हणजे एकदा सांगितलेलं पुन्हा तितक्याच गोड आवाजात सांगणं.

"मॅडम, आपल्याले शास्त्र नाही समजत," गजूभाऊ म्हणाले. "पण रविवारी पोरीकडचे लोक टेस्टिंगले येऊन राहिले. त्यायच्या टेबलावर हे असं फुस्स झालं, तर माह्या नावाचं काय?"

मी रविवारपर्यंत मुदत मागितली. त्यांनी दिली, पण तोंड वाकडं करून. रविवारी लोकांना डेझर्ट आवडलं तर लग्नाच्या अख्ख्या सीझनचा जॅम प्रणालीकडून घेणार, नाहीतर टिन. निघता निघता त्यांनी विचारलं की हा जॅम रबडीत घातला तर कसा लागेल. रबडी फाटेल, हे मी त्यांना याआधीही सांगितलं होतं. संत्रं आंबट असतं, दुधाचं आणि त्याचं जमत नाही. म्हणून तर आपण चक्का घेतला होता. मी पुन्हा सांगितलं. गोड आवाजात.

प्रणालीकडे पोचले तेव्हा ती आधीच रडून बसली होती. गजूभाऊंनी तिला फोन केला होता. ही ऑर्डर हातची गेली तर पुढच्या वर्षी परत शाळेत जॉइन व्हायचं, असं तिचं ठरलं होतं. घरी तसं कबूल करूनच तिने नोकरी सोडली होती. तिला चूप करायला मला वेळ नव्हता, म्हणून मी तिला बरण्या काढायला लावल्या.

जॅम टिकतो कशामुळे, हे थोडक्यात सांगते. एक, साखर पुरेशी हवी. ती रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या नळीवजा यंत्रात थेंबभर जॅम लावून मोजता येते. दोन, आंबटपणा हवा, तो लिंबाच्या रसाने येतो. तीन, जॅम उकळता असतानाच निर्जंतुक, कोरड्या बरणीत काठोकाठ भरायचा आणि लगेच झाकण लावायचं. जॅम गार होताना आकसतो, आत निर्वात पोकळी होते आणि झाकणाचा मधला भाग टक् असा आवाज करून आत ओढला जातो. तो आवाज आला की बरणी सील झाली. तिन्ही गोष्टी नीट असतील तर अशी बरणी वर्षभर काही कुरकुर करत नाही.

प्रणालीच्या तिन्ही गोष्टी नीट होत्या. साखर बरोबर, आंबटपणा बरोबर. गजूभाऊंची बरणी ज्या कढईतली होती, त्याच कढईतल्या बाकी बरण्या मी एकामागून एक उघडल्या. सगळ्या ठणठणीत. चव अशी की एरवी मी कौतुक केलं असतं. पण मला नुसता राग येत होता. जॅम बिघडला तर सगळा बिघडतो. एका कढईतली एकच बरणी उठून आंबते, हे मी फॅक्टरीतल्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अशी तक्रार याआधी आली होती का?" मी विचारलं.

आली होती. प्रणालीने भीतीपोटी मला सांगितलं नव्हतं. डॉक्टरसाहेबांकडे गेलेली बरणी बुरसली होती. शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमची आंबली होती. नणंदेच्या सासरी पाठवलेली तर त्यांनी परतच पाठवली होती. शेजारच्या बायका मात्र महिनोन्‌महिने तोच जॅम नेत होत्या, पोरांच्या पोळीला लावत होत्या, मैद्याच्या रोलमध्ये भरत होत्या. त्यांची कधी एका शब्दाची तक्रार नाही.

"नेमकं चांगल्या लोकांकडेच असं होते, मॅडम," प्रणाली म्हणाली. "माझं नशीबच तसं."

नशिबाला रिफ्रॅक्टोमीटर लावता येत नाही. मी तिला सगळी कृती पहिल्यापासून सांगायला लावली. तिने कळमन्याच्या बाजारातून संत्री आणण्यापासून झाकण लावण्यापर्यंत घडाघडा सांगितली. एकही चूक नाही. मग मी मोठ्या लोकांवर घसरले. ओला चमचा घालत असतील, उन्हात गाडीत ठेवत असतील, असं बरंच काही बोलले. पण गजूभाऊंची बरणी माझ्यासमोर पहिल्यांदा उघडली होती, हे मलाही ठाऊक होतं. त्या बरणीत वरच्या थरावर एक बारीक काळा कण होता. तो मी करपलेला समजून सोडून दिला.

शेवटी मी म्हटलं, उद्या सकाळी माझ्यासमोर कर.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी तिच्या ओट्याशी उभी होते. तिने फोडी सोलून पांढरे धागे काढले, बिया काढल्या. बिया फेकल्या नाहीत. त्यांची फडक्यात पुरचुंडी बांधून ती कढईत सोडली, कारण जॅम घट्ट करणारं पेक्टिन बियांमध्येच जास्त असतं आणि पुरचुंडी वेळेवर काढली की कडूपणा उतरत नाही. बरण्या उकळल्या, ओव्हनमध्ये वाळवल्या. भरताना एक थेंबही काठावर सांडला नाही. मला खोट काढायला जागा मिळेना, म्हणून मी आणखी चिडले.

बरण्या गार होईपर्यंत मला जेवायला बसवलं. आम्ही जेवत असताना ओट्यावर एकेक झाकण टक् टक् वाजत होतं. सगळी वाजून झाली. प्रणाली चहा ठेवायला उठली आणि मी हात धुऊन सोफ्यावर टेकले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून टप् असा आवाज आला.

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. सील सुटल्याचा आवाज. पण बरण्या तर स्वयंपाकघरात होत्या. मी उठून आत गेले.

आत देवघर होतं. प्रणालीच्या सासूबाई, ज्यांना सगळे काकू म्हणतात, पाटावर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे आमची नवी बरणी, झाकण उघडलेलं, आणि जॅमवर तुळशीचं पान, मंजिरीसकट. पानावरून पाणी निथळत होतं. काकूंनी तळहातावर पाणी घेऊन बरणीभोवती फिरवलं, डोळे मिटले, हात जोडले. मग दोन बोटांनी पान उचललं, पदराने काठ पुसला आणि झाकण घट्ट लावलं. तो काळा कण कुठला, तेही मला तेव्हाच कळलं. मंजिरीचं बी.

"काकू, हे काय?"

"नैवेद्य," काकू म्हणाल्या. "पहिली बरणी देवाची राहते."

"दर वेळी?"

"मंग? देवाले दाखवल्याबिगर घरातलं बाहेर कसं जाईन?"

"आणि ही बरणी मग कोण खातं?"

"आमी काहून खाऊ? प्रसाद आहे तो. ज्याच्याकडचं काम मोठं, त्याले ते जाते. डॉक्टरसाहेबाले तीच देल्ली. गजूभाऊलेबी तीच. पोरीचं भलं झालं पाह्यजे ना."

मी दारातच बसले. एक बाई आपल्या सुनेच्या धंद्यासाठी मनापासून प्रार्थना करत होती आणि त्याच हातांनी तिची सगळ्यात महत्त्वाची गिऱ्हाइकं घालवत होती. मी रागावू तरी कोणावर? प्रणालीवर रागावले. हे मला का नाही सांगितलं? तर ती म्हणे, यात सांगण्यासारखं काय होतं, मॅडम, तुम्ही जॅमची कृती विचारली होती. हे असंच असतं. कृती सांगा म्हटलं की लोक झाकणापाशी थांबतात. त्यानंतर घरात बरणीचं जे काही होतं, ते कोणी कृतीत धरत नाही.

काकूंना समजावणं सोपं नव्हतं. मी म्हटलं, सील सुटलं की बाहेरचे जंतू आत जातात. त्या म्हणाल्या, झाकण त्यांनी परत घट्ट लावलं आहे, वाटल्यास मी उघडून पाहावं. मी म्हटलं, पानाबरोबर आत पाणी जातं.

काकूंचा चेहरा पडला. "तुळशीनं खराब झालं म्हणता?"

"तुळस पवित्रच आहे, काकू. पण ती ओली आहे."

हे त्यांना थोडं पटलं. मग मी सुचवलं, वाटीभर जॅम आधी काढून घ्या, त्याचा नैवेद्य दाखवा, बरण्यांना हात लावू नका. त्यावर त्या म्हणाल्या, वाटी देवाची, अन् बरण्या तशाच? मग त्यांना प्रसाद कसं म्हणायचं? मी म्हटलं, नैवेद्य झाला की वाटी परत कढईत ओता. आमच्याकडे नैवेद्याचा भात पातेल्यात मिसळतात, तसंच. मनात म्हटलं, उकळत्या कढईत काहीही पडलं तरी मरतं.

"म्हणजे साऱ्याच बरण्या प्रसाद?"

"साऱ्या."

"अन् साऱ्याच गिऱ्हाइकाले?"

"साऱ्याच."

काकू एकदम खूश झाल्या. इतके दिवस एकेकालाच का दिला, असं त्यांना वाटायला लागलं असावं.

शनिवारी टेस्टिंगसाठीची कढई चढली. जॅम होत आला, मी वाटी काढून काकूंना दिली आणि त्यांनी आरती सुरू केली. सगळी कडवी. इकडे जॅम दाट होत चालला, तिकडे गणपती झाला, देवी झाली, विठ्ठल सुरू झाला. जॅमला थांबायला सांगता येत नाही. पुढे गेला की त्याचं चिक्कीसारखं चिवट काहीतरी होतं. मी झारा हातात घेऊन देवघराच्या दारात उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी आरती आटपा म्हणाले. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. पण वाटी मिळाली. ती कढईत ओतली, पुन्हा उकळी आणली, बरण्या भरल्या. सगळी झाकणं वाजली. त्यानंतर एकही सुटलं नाही. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले होते.

रविवारी गजूभाऊंनी छोटे कप मांडले. खाली बिस्किटाचा चुरा, त्यावर साखर घालून फेटलेला चक्का, त्यावर जॅम. मुलीचे वडील पहिला कप उभ्यानेच संपवून दुसऱ्याकडे वळले. मुलीच्या आत्याने जॅम कुठला ते विचारलं. गजूभाऊंनी छाती काढून सांगितलं की आपल्या घरचा माणूस करतो. सीझन प्रणालीला मिळाला. शाळेचा विषय त्या घरात बंद झाला. त्यानंतर एकही बरणी परत आली नाही. रबडीबद्दल मात्र गजूभाऊंनी त्या दिवशीही विचारलं.

पुढच्या आठवड्यात प्रणाली माझ्या घरी येऊन गेली. काकूंनी माझ्यासाठी मुद्दाम बरणी पाठवली होती, झाकणाला लाल दोरा बांधून. "मॅडमले म्हणा, ही खास तुमच्यासाठी ठेवली," असा निरोपही होता.

ती गेल्यावर मी सवयीने झाकणाच्या मधल्या भागावर बोट दाबलं. ते टिकटिक वाजत खाली गेलं आणि वर आलं. सील नव्हतं. आत, जॅमच्या वर, एक बारीक काळा कण होता.

तेव्हापासून मी कोणाच्याही घरी कामाला गेले की पहिल्याच दिवशी बजावून सांगते: मला साधं गिऱ्हाईक समजा.