बाबांच्या उशीवरून

कामोठ्यातल्या टीव्हीच्या दुकानातले काका कधीच आधी किंमत सांगत नाहीत. मान तिरकी करून विचारतात, "ताई, बगनार कोन? बसून का झोपून?"

बाबांच्या खोलीसाठी स्वस्तातला टीव्ही शोधत मी चारदा गेले आणि चारही वेळा हा प्रश्न टाळला. घरातलं आजारपण दुकानात सांगणं मला जमत नाही.

शेवटी बत्तीस इंची घेतला. काका स्वतः लावायला आले. बाबांना आम्ही व्हीलचेअरवर हॉलमध्ये बसवलं होतं. आत खोलीत मी ठरवलेली भिंत दाखवली. काकांनी एकदा दारातून व्हीलचेअरकडे पाहिलं आणि काही न विचारता सरळ बाबांच्या पलंगावर आडवे झाले. डोकं बाबांच्याच उशीवर. आई दारात थिजली.

"त्या भिंतीवर नको, ताई. इथनं कपाट आडवं येतंय. दिसायला नुसता पंखा हाय."

मग ते उठले, चादर सारखी केली आणि खिडकीशेजारी पेन्सिलीने खूण केली.

मी मात्र उशीकडेच बघत राहिले. बाबा आठ महिने तिथे झोपतायत. आमच्यापैकी कुणीही एकदासुद्धा तिथे डोकं टेकवून पाहिलं नव्हतं.