पहिल्या फेरीत बाय

महाडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक गेम पार्लर होतं, आणि तिथे मला 'पुढेचाल' म्हणत. हे काही शौर्याचं नाव नव्हे. कबड्डीत समोरचा संघ आलाच नाही, तर हजर असलेल्या संघाला न खेळता पुढच्या फेरीत ढकलतात. त्याला आमच्याकडे 'पुढे चाल' म्हणतात. पार्लरमधल्या मारामारीच्या गेमच्या दोन स्पर्धांत मी नाव दिलं होतं, आणि दोन्ही वेळा माझा पुकारा व्हायच्या आत सायकल काढून घर गाठलं होतं. समोर ज्यांचं नाव आलं ते फुकटात पुढे गेले. तेव्हापासून सोडत निघाली की पोरं हात जोडून म्हणत, "देवा, मला पुढेचाल येऊ दे रे!"

पोरं म्हणतोय, कारण ती पोरंच होती, आणि मी तेवीस वर्षांचा घोडा. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला होतो. पहिली पाळी सुटली की अंगाला केमिकलचा वास घेऊन तसाच मशीनपुढे जाऊन बसायचो. उंच कपाटासारखं मशीन, एकच पडदा, खाली दोघांसाठी दोन दांड्या, दोन बटणांच्या रांगा आणि दोन स्टुलं. आपापला गडी निवडायचा, आणि ज्याची ताकदीची पट्टी आधी संपेल तो हरला. एकटा असलो की मी मशीनला लोळवायचो. पण शेजारच्या स्टुलावर जिवंत माणूस येऊन बसला की माझ्या तळहातांना असा घाम सुटे की दांडी माशासारखी निसटायची. माझ्यानंतर बसणारा शर्टाने बटणं पुसत म्हणायचा, "पुढेचालनं पाट सोडलाय बघ!"

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते. पण त्याच दिवसांत घरी माझ्यासाठी मुली बघणं सुरू झालं होतं, आणि एका पोराशेजारी दोन मिनिटं बसवत नाही तो चार माणसांसमोर मुलीपुढे काय बसणार, हा विचार मला झोपू देईना. तिथूनही मी मागच्या दाराने सटकणार, अशी माझी मलाच खात्री होती. म्हणून पोलादपूरला जत्रेच्या दिवशी अशीच स्पर्धा आहे असं कळलं, तेव्हा ठरवलं, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. हरू दे, पण एक सामना शेवटपर्यंत खेळायचा. तिथूनही पळालो, तर मग मी आयुष्यभराचा पुढेचाल.

चैत्राची टळटळीत दुपार. पार्लर म्हणजे नदीच्या बाजूला तोंड असलेला एक गाळा, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून शटर अर्ध्यावर ओढलेलं. मालकाची म्हातारी आई दाराशी गोणपाटावर बसून चिंच फोडत होती. स्पर्धेचा सगळा कारभार मालकाच्या चुलतभावाकडे होता. तो मुंबईहून जत्रेला आलेला चाकरमानी, गळ्यात शिट्टी, बोलणं अर्धं मुंबईचं. त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड पेनाने जोड्या लिहून भिंतीवर टांगल्या होत्या. संख्या विषम आली होती. माझ्या नावासमोर लिहिलं होतं, 'बाय'.

"महाडकर, तुम्हाला पहिल्या फेरीत बाय," तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "टेन्शन नाय घ्यायचं. आरामात बसा."

आता तुम्हाला हा शब्द माहीत असेल. मला नव्हता. आमच्याकडे त्याला 'पुढे चाल'च म्हणत. आणि पोलादपूर-महाडकडच्या खेड्यात बाय म्हणजे काय, हे सांगायला नको. आजीला बाय, लेकीला बाय, ये गो बाय, जा गो बाय. मी समजलो, माझ्यासमोर कोणीतरी बाई खेळणार आहे. म्हटलं, वा, पोलादपूर बरंच पुढे गेलंय! आणि लगेच तळहात ओले झाले. पोराशेजारी बसायची पंचाईत, तिथे बाई!

तेवढ्यात लाइट गेली. चाकरमान्याने शिट्टी मारली, "चला, लाइट येईपर्यंत देवळात जेवून घ्या!" सगळी पोरं पाठोपाठ गेली. म्हातारीसुद्धा गेली. मी मात्र जागचा हललो नाही. बाहेर पडलो तर पाय देवळाकडे न वळता एसटी स्टँडकडे वळतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. शिवाय 'आरामात बसा' असं सांगितलेलं. मी डाव्या स्टुलावर जाऊन बसलो. आराम सोडून बाकी सगळं जमलं.

मग लाइट आली, पण अर्धीच. पंखा फिरेना, बल्ब निखाऱ्यासारखा लालसर, आणि पडदा पाण्याखाली धरल्यासारखा हलत होता. स्पर्धेपुरतं मशीन बिननाण्याचं केलेलं होतं. सराव करावा म्हणून मी बटण दाबलं, आणि उजवीकडचं बटण वाजलं.

शटर वाजलं नव्हतं. पावलं वाजली नव्हती. पण शेजारी कोणी बसलं की कळतं ना, तसं कळलं. आधी वास आला, शेवाळाचा, खोल पाण्याच्या तळाशी असतो तसा. माझं नाक दिवसभर वासांचीच नोकरी करणारं, त्यात चूक व्हायची नाही. मी मान वळवली नाही. भुताच्या भीतीने नव्हे हो, तोपर्यंत भूत डोक्यातच नव्हतं. लाजेने! परक्या बाईकडे बघायचं कसं? डोळ्यांच्या कोपऱ्यातून फक्त हात दिसला. हिरव्या काचेच्या बांगड्या आणि दांडीवर ठेवलेली ओली बोटं. बोटांवरून पाणी ठिबकत होतं. वाटलं, जेवून हात धुऊन आली असेल.

तिने काठी टेकत चालणारा म्हातारा निवडला. तो गडी कोणीच घेत नसे. एक पाऊल टाकायला त्याला अर्धी दुपार लागायची. मी आपला नेहमीचा पोटसुट्या पैलवान घेतला. आणि खेळ सुरू झाल्यावर एक नवल घडलं. माझे हात कोरडे झाले. अगदी कोरडे, थंड. दांडी निसटली नाही, बटण चुकलं नाही. पहिला डाव मी घेतला, दुसरा तिने. तिसऱ्यात तिचा म्हातारा कोपऱ्यात नुसता उभा राहिला. मी जवळ गेलो की एक काठी. पुन्हा गेलो की पुन्हा एक काठी. घाई नाही, राग नाही. माझी पट्टी संपत आली तरी मला पळावंसं वाटलं नाही, आणि शेवटची काठी बसली तेव्हा मला चक्क आनंद झाला. हरलो होतो, पण पुरता हरलो होतो.

"छान खेळलात," मी पडद्याकडेच बघत म्हणालो.

बांगड्या किणकिणल्या. धीर करून मी वळलो, तर स्टूल रिकामं. शटर होतं तिथेच, अर्ध्यावर.

मंडळी जेवून आली. मी उठून चाकरमान्याला प्रामाणिकपणे सांगितलं, "आमचा सामना झाला. मी हरलो."

"कोणाशी?"

"बायशी."

तो खो खो हसला. "अहो महाडकर, बाय म्हणजे कोणी नाय! जोडीदार नाय म्हणून तुम्हाला फुकटात पुढे ढकलला. तुम्ही जिंकलेत!"

"पण मी हरलो ना," मी म्हणालो. "काठीवाल्या म्हाताऱ्याने हरवलं. त्या बाईंच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या."

हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं. दारातली म्हातारी चिंच खाली ठेवून आत आली. "पोरा," तिने हळू विचारलं, "हात वले व्हते काय तिचे?"

मी मान डोलावली.

एक जीपवाला तिथे होता, घाटात वडापची, माणसं भरली की सुटणारी जीप चालवायचा. मिशा, गळ्यात रुमाल, मागच्या स्पर्धेचा विजेता. तो म्हणाला, "भावा, तुझाच घाम असंल तो." आणि उजव्या दांडीला हात लावून त्याने तो झटकन मागे घेतला. घाम इतका गार नसतो.

"आयेस, भिववू नको पोरांना," मालक म्हणाला.

"मी भिववतंय?" म्हातारी भिंतीकडे बोट दाखवत कडाडली. "जत्रंच्या दिशी डोहातल्या बायचं नाव मी तोंडाने घेत नाय, आन तुमी भितीवर लिवलंत! नाव लिवलं म्हंजे आवतण झालं. ती आली. आता काय करशील?"

चाकरमान्याची शिट्टी तोंडातच राहिली. तो कॅलेंडर काढायला गेला, तर म्हातारीने हात धरला. "आता खोडायचं नाय. बोलावल्यालं मानूस असं उठवत्यात?"

तेव्हा हिशेब सरळ झाला. मी हरलो म्हणजे बाय जिंकली, आणि दुसऱ्या फेरीत तिच्यासमोर नाव होतं जीपवाल्याचं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बाहेर पाहिलं. "माझी जीप भरली वाटतं," तो म्हणाला, आणि शटरखालून वाकून जो गेला तो गेला. त्याच्या मागच्याला जत्रेत मामा भेटायचा होता. एकाला अचानक उपास आठवला, जेवून आल्यावर. बघता बघता सगळे शूर पैलवान एकामागून एक बायला पुढे चाल देऊन मोकळे झाले. मी ते बघत होतो. इतक्या पळणाऱ्यांना पाठमोरं बघण्याचा योग मला पहिल्यांदाच आला होता. एरवी त्या रांगेत सर्वांत पुढे मी असायचो.

गाळ्यात राहिलो चौघं. मालक, चाकरमानी, म्हातारी आणि मी.

"खेळ अर्धा सोडलात तर ती बसून राहील हितंच," म्हातारी म्हणाली. "पुरा करा कोनीतरी."

चाकरमान्याने मालकाकडे पाहिलं, मालकाने माझ्याकडे. बाहेर महाडची गाडी लागल्याचा आवाज आला. कंडक्टर ओरडत होता. माझी पिशवी माझ्या खांद्यालाच होती. स्टँड हाकेवर. मी पट्टा घट्ट धरला, आणि मग पिशवी काढून खिळ्याला टांगली. फार धैर्याने नव्हे. स्टूल स्टँडपेक्षा जवळ होतं, इतकंच.

म्हातारीने मशीनवर नारळ ठेवला. मी डावं बटण दाबलं. उजवं कोणी दाबेना, तेव्हा मीच वाकून दाबलं. ते ओलं होतं.

पडद्यावर माझा पैलवान उभा राहिला आणि समोर काठीवाला म्हातारा. उजवी दांडी हलली नाही. म्हातारा नुसता उभा राहून श्वास घेत होता. ही चित्रं उभ्या उभ्या छाती वरखाली करतात, हजारदा बघितलेलं, पण त्या दिवशी त्या श्वासाशी माझ्या शेजारी कुणाचा तरी श्वास जुळत होता. एक बटण दाबलं असतं तर मी जिंकलो असतो. मी दाबलं नाही. ती मारत नव्हती, तर मी का मारू? वरचं घड्याळ उलटं सरकत होतं. मागे चाकरमानी रामरक्षा पुटपुटत होता आणि दर दोन ओळींनी चुकत होता. वेळ संपली. बरोबरी. दुसरा डाव, तसेच दोघं समोरासमोर. बरोबरी. तिसराही तसाच. शेवटी मशीनच कंटाळलं, आणि त्याने दोघांनाही हरलेलं ठरवून टाकलं.

त्याच क्षणी पंखा सुरू झाला. बल्ब लख्ख पेटला.

"गेली," म्हातारी म्हणाली. उजव्या स्टुलाच्या रेक्झिनवर पाण्याचं एक वर्तुळ होतं, ते तिने पदराने पुसलं. नारळ घेऊन ती नदीकडे निघाली. मालकाने बक्षिसाचा चषकही निमूटपणे तिच्या हातात दिला. "आन तू," जाताना ती मला म्हणाली, "घरी जा सरळ. मागं बघू नको." तेवढं मला आधीपासून उत्तम यायचं.

त्या पावसाळ्यानंतर महाडच्या पार्लरमध्ये पुन्हा स्पर्धा लागली. माझ्यासमोर नाव आलेला पोरगा खुशीत ओरडला, "पुढेचाल!" मी स्टुलावर बसलो आणि त्याच्यापुढे हात केला. त्याने गोंधळून हातात हात दिला. त्याचा हात कोरडा होता, म्हणजे माणूसच. मग घाबरण्यासारखं काय उरलं? मी खेळलो, शेवटपर्यंत, आणि सपाटून हरलो.

मुलगी बघायला गेलो तिथेही बसलो शेवटपर्यंत. ती गोष्ट आमच्या घरात ही सांगते, आणि तिच्या आवृत्तीत मी फारच बावळट आहे.

प्रत्येक सामन्याआधी हात मिळवायची सवय मात्र राहिली. पोरांना वाटायचं, काय खिलाडू माणूस! एकदाच, बऱ्याच वर्षांनी, एक हात ओला लागला. मान वळवून बघितलं, तर नव्यानेच आलेला, खेड्याकडचा एक काटकुळा कॉलेजकुमार, कपाळावर घाम, नजर पडद्यावर खिळलेली. आमच्याकडे बघायचीही त्याला लाज. त्याने गडी निवडला, तोही काठीवाला म्हातारा, कारण नवख्याला काय ठाऊक.

सामना सुरू करायला बटणाकडे नेलेला हात मी मागे घेतला. ओली बोटं. कोणीच घेत नाही तो गडी. आणि तिचं शेवटच्या सामन्यात एकही बटण न दाबता नुसतं उभं राहणं. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं, त्या दुपारी त्या गाळ्यात घाबरलेला मी एकटाच होतो.

"काय झालं, काका?" त्या पोराने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "आरामात बस."