छतावरचा पाइप

ईस्ट टामाकीतल्या एका मोठ्या कोल्डस्टोअरमध्ये सुमेधा ताटके सेफ्टी इंजिनियर होती. पुण्याहून या परदेशी शहरात आली तेव्हा अंगात उत्साह मावत नव्हता; २०१७ उजाडेपर्यंत तो पार आटला. गारव्यासाठी वापरला जाणारा विषारी अमोनिया वायू बाहेर पडण्याआधीच धोका ओळखायचा, हे तिचं काम. पण न झालेल्या अपघाताचं कौतुक कोण करतं?

छतावरून जाणाऱ्या अमोनियाच्या पाइपावर जाड इन्सुलेशन होतं. त्याला भेगा पडून पाणी मुरत होतं. आत लोखंड गंजत असणार, असं तिने दोन वर्षांत तीनदा लिहून दिलं. मॅनेजर ग्रॅहम दर वेळी धोक्यांच्या तक्त्यातल्या 'शक्यता कमी' या चौकोनावर बोट ठेवायचा.

"आजवर काही झालंय का?"

"झालं नाही, म्हणजे पाइप धड आहे असं होत नाही," हे सांगून सांगून तिची जीभ दमली होती.

जूनमधल्या एका सकाळी पाहणीसाठी ती छतावर चढली आणि नाकात झणझणीत वास शिरला. खाली हॉलमधल्या, वायू ओळखणाऱ्या डिटेक्टरचा भोंगा मात्र वाजला नव्हता. ती दोन पावलं मागे सरली, वाऱ्याची दिशा पाहिली आणि घाईने खाली उतरली. फिटर सिओने जिन्यापाशीच भेटला.

"सिओने, मशीन बंद कर. सगळ्यांना बाहेर काढ."

तो तसाच मशीनकडे धावला. चाळीस माणसं भर पावसात गेटाबाहेर जमली. ग्रॅहम लालबुंद होऊन आला.

"कुणाला विचारून बंद केलंस?"

"कुणालाच नाही."

दुपारी बाहेरच्या तंत्रज्ञांनी लाइन रिकामी करून इन्सुलेशन सोललं. गंजाचे पापुद्रे हातात आले. एका जागी टाचणीएवढं भोक होतं. त्याच्या भोवती पाइपाची जाडी जेमतेम एक मिलिमीटर उरली होती. ग्रॅहमने वाकून त्या भोकावर बोट ठेवलं.

"किती बदलायचा?"

"सगळा."

तीन आठवड्यांत नवा पाइप बसला. कंपनीच्या अहवालात 'नियमित देखभाल' एवढंच आलं. नवरा, शिरीष, चिडला. "तुझं नावसुद्धा नाही? उद्या जाऊन भांड त्यांच्याशी!"

"नको रे," सुमेधा म्हणाली. "चाळीसही जण धडधाकट घरी गेले. भांडायला आता त्राण नाही."

बूट न काढताच ती सोफ्यावर आडवी झाली. मुलीने येऊन लेस सोडल्या. "Mum, you okay?"

"दमलेय गं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.