गोमीचं मडकं

गोमीच्या मडक्यात मी कापूस घातला, ही माझी पहिली चूक. त्या वर्षी वऱ्हाडात कापसापलीकडे कोणाला काही सुचतच नव्हतं. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली होती, आणि तिच्यापायी अकोल्याच्या बाजारात माणसं कापसाच्या बोज्याला देवासारखा हात लावत. मलाही वाटलं, एखाद्या जिवाला मऊ अंथरूण द्यायचं तर कापसाचंच द्यावं. गोमीला पाय किती असतात, ते काही ध्यानात आलं नाही. पायापायात तंतू अडकला. बाभळीच्या काट्यानं एकेक पाय सोडवत मी अर्धा दिवस ओसरीवर बसलो. सुटली, आणि तिनं आपलीच अंडी खाऊन टाकली.

ती सापडली होती कडब्याच्या गंजीखाली. मी वहाण उगारली, तरी ती पळाली नाही. न पळणारी गोम मी तोवर पाहिलीच नव्हती. वाकून बघतो तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या पिवळसर अंड्यांचा घोस पोटाशी धरून ती वेटोळं घालून पडलेली. वहाण तशीच खाली आली. पण मी तिला कापसात घातलं, आणि तिचं असं झालं. तिला परत गंजीखाली सोडून आलो तेव्हा मान वर करवेना.

पंधरा दिवसांनी विहिरीजवळच्या दगडाखाली दुसरी सापडली, तीही अंड्यांवर बसलेली. या खेपेला पिल्लं निघालेली बघायचीच, एवढं एकच त्या हंगामात माझ्या मनात राहिलं. तिच्याखालच्या काळ्या मातीसकट तिला उचललं, मडक्यात ठेवलं, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि मडकं माजघरातल्या गार कोपऱ्यात नेलं. दिवसातून एकदाच बघायचं, तेही श्वास रोखून. ती एकेक अंडं तोंडात फिरवून चाटी. मी झुरळ टाकलं तर तिनं हुंगलंही नाही. माती सुकली की अस्वस्थ होई, म्हणून मी बोटांनी चार थेंब शिंपडायचो. लोक वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून धावत होते आणि मी गोमीला पाणी पाजत होतो.

"लोकं बैलाच्या शिंगाले चांदी लावून राहिले," शेजारी म्हणाला, "आन् तुमी गोम पाळून राहिले! दूध देते का हो?"

बायको मात्र काही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारानंतरही तिच्या गप्प बसण्याला मी होकार समजत होतो, यावरून माझी अक्कल ओळखावी.

तीन आठवडे झाले आणि तिचा धाकटा भाऊ दोन बैलांची दमणी घेऊन दारात आला. तो कापसाची दलाली करायचा. चांदीच्या शेंब्या घातलेल्या शिंगांचे बैल त्याचेच. मडक्यात डोकावून म्हणाला, "भाऊजी, अमरावतीले एक गोरा व्यापारी हाय. किड्यायचा लई नाद त्याले. अंड्यावरची गोम त्यानं अजून पाह्यली नाही. तो पाहीन, कागदावर चित्र काढीन, आन् परत देईन."

"तिले हात तं नाही लावनार?"

"माया गळ्याची आन घ्या!"

मी ती आन खरी मानली. खरं सांगायचं तर साहेबासमोर आपली गोम मिरवावी, असंही मला वाटलं होतं. दोन दिवस दमणीत मडकं मांडीवर घेऊन बसलो. गचका बसला की मी गचका खायचो, मडकं नाही. बडनेऱ्याला बैल सोडले तेव्हा मांड्या आखडून मला उतरता येईना. मेव्हणा पोट धरून हसला, आणि मीही हसलो.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं भिंग लावून पाहिलं, आनंदला, आणि भिंग माझ्या हातात दिलं. प्रत्येक अंड्याच्या आत दुमडलेलं पिल्लू होतं. मी मोजायला लागलो. दोन बोटं दाखवून साहेब म्हणाला, "दो दिन."

आणखी दोन दिवस! माझे डोळे भरून आले. मी भिंग परत दिलं. त्यानं लांब चिमटा घेतला, गोम अंड्यांसकट उचलली आणि दारूसारखा वास येणाऱ्या पाण्याच्या बाटलीत सोडली. ती आणखी घट्ट आवळली गेली. मग पाय सुटत गेले. अंडी सगळ्यात शेवटी सुटली.

मी मेव्हण्याकडे पाहिलं. तो खिडकीतून आपल्या बैलांकडे बघत होता.

बाहेर आल्यावर म्हणाला, "असं तोंड काहून करता, भाऊजी? साहेब खूश झाला. आता कापूस पह्यले आपला घेईन."

"तुले मालूम होतं?"

"किडाच तं होता."

परतीच्या वाटेवर मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. तो मात्र सारा रस्ता बैलांना नवीन झुली कुठल्या रंगाच्या घ्याव्यात, हे मला विचारत होता.

घरी आलो तर माजघर शेणानं सारवलेलं. मडकं असायचं त्या कोपऱ्यात बाज टाकली होती आणि तिच्यावर आमची लेक बसली होती, पहिल्या बाळंतपणाला आलेली. ती यायची होती हे मला ठाऊक होतं, कधी ते मी विचारलं नव्हतं. तिची विचारपूस केली आणि चुलीपाशी गेलो. बायको भाकरी थापत होती. बाटलीपर्यंतची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणालो, "तुया भावानं दगा देल्ला मले."

तिनं हात थांबवला नाही.

"त्याले मीच निरोप धाडला होता. पोरीचे दिवस भरत आले, लेकरू जमिनीवर निजंन, आन् कोपऱ्यात गोमीचं मडकं! तुमाले सांगतलं असतं तं तुमी मडकं घेऊन गोठ्यात ऱ्हायले गेले असते."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी बायको ती उलटेना.

"पन मले तं तो मनला होता," ती म्हणाली, "नदीच्या काठी सोडून देतो."