थोरलीपेक्षा धाकटी, असं म्हणतात

सुमन पगारेला पाहायला वणीचे पाहुणे आले ते चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत. वडील कोंडाजी नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला होते. थोरली सुमन इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, गंगापूर रोडच्या एका शाळेत नुकतीच लागलेली. धाकटी कला मॅट्रिकनंतर घरीच होती. दोघी एका गोधडीत झोपायच्या आणि झोप लागेपर्यंत कुजबुजत राहायच्या.

मुलगा गोरक्ष, दिंडोरीला क्लार्क. चहा झाल्यावर मोठ्यांनी दोघांना जरा बोलू दिलं.

"मुलांना इंग्रजी आवडतं का?" त्याने विचारलं.

"नाही. मलाही आधी नव्हतं आवडत."

तो मोकळेपणी हसला. बोलणं तेवढंच झालं, पण नंतर फळ्यावर लिहिता लिहिता सुमनला ते हसू आठवायचं आणि खडू हातातच राहायचा.

पाहुण्यांचा निरोप घेऊन बहिरूमामा आले. सोयरीक त्यांनीच सुचवलेली. टोपी काढून खाटेवर ठेवत म्हणाले, "घर पसंत आहे त्यांना. पण धाकटीसाठी विचारतायत."

"असं का?" कोंडाजी म्हणाले.

"थोरलीपेक्षा धाकटी जास्त मनमिळाऊ आहे, असं त्यांच्या ऐकण्यात आलंय."

"कोणाकडून?" सुमनने दारातून विचारलं.

"आता कोणाकडून म्हणून सांगू, पोरी? म्हणतात लोक."

कला स्टोव्हपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. कोंडाजी थोरलीकडे बघत राहिले, तेव्हा सुमनच म्हणाली, "बाबा, माणसं चांगली आहेत. कलाचं होऊ द्या."

बौद्ध रिवाजाप्रमाणे पांढरी साडी नेसून कला बोहल्यावर बसली. निघताना तिने ताईचा हात घट्ट धरला. पुढे तिचं येणं कमी कमी होत गेलं. आलीच तर आईपाशी बसायची, आणि सुमन शाळेतून परतेपर्यंत दुपारच्या बसने गेलेलीही असायची. सुमनला वाटायचं, हिला माझ्यासमोर यायची लाज वाटते. कधी वाटायचं, हीच तर कुठे काही बोलली नसेल? असा विचार आल्याचं तिला वाईट वाटायचं, तरी तो जायचा नाही. नंतर आलेल्या स्थळांना ती नको म्हणाली, मग स्थळंही यायची थांबली. शाळेत काही गमतीचं घडलं की कलाला सांगायचं म्हणून ती मनात ठेवायची. कला येईपर्यंत त्यातली गंमत शिळी होऊन गेलेली असायची.

त्र्याऐंशी साली दहावीच्या वर्गात सुमनबाई वाक्य कर्मणी प्रयोगात बदलायला शिकवत होत्या. फळ्यावरचं 'पीपल से' पुसून त्यांनी 'इट इज सेड' लिहिलं, आणि खाली नवं वाक्य: 'वणी इज सेड टु बी कूलर दॅन नाशिक.' नाशिकपेक्षा वणी थंड आहे, असं म्हटलं जातं. उदाहरणाला वणीच का घेतली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

हरसूलकडची भागी वसतिगृहात राहून शिकत होती. ती उठली. "बाई, पॅसिव्हमधी करणारा 'बाय' लावून शेवटी येतो ना? मंग इथं कुठं गेला?"

"इथं तो गाळतात. कोण म्हणतं, याला महत्त्व नसतं."

"मंग ते खरं हाय का नाय, विचारायचं कोणाला?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "जाऊन बघायचं," त्या म्हणाल्या.

रविवारी सुमन एस.टी.ने वणीला गेली. कला ओट्यावर बाजरी निवडत होती. ताईला बघून उठताना सूप कलंडलं.

"घरी सगळं ठीक ना, ताई?"

"ठीक आहे. एवढंच विचारायला आले. तू माझ्यापेक्षा मनमिळाऊ, असं कोण म्हणालं होतं?"

कलाचे डोळे भरले. "मी नाही गं. तुला तसंच वाटत असणार, म्हणून तुझ्यासमोर येववायचं नाही मला."

गोरक्ष आतून बाहेर आला होता. तो हळूच म्हणाला, "आम्हाला तर वेगळंच कळलं होतं. थोरलीला संसारापेक्षा नोकरी प्यारी आहे, ती खेड्यात यायची नाही, असं. मग घरच्यांनी धाकटीचं काढलं."

"मी असं कधीच म्हटलं नव्हतं."

"मामाच बोलले होते. त्यांच्याही कानावर आलं होतं म्हणे. तुम्हालाच विचारायला हवं होतं, ताई."

त्याच्या तोंडचं 'ताई' ऐकून सुमनने मान खाली घातली. बहिरूमामांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. ती खाली बसून सांडलेली बाजरी गोळा करू लागली. कलाही शेजारी बसली, आणि वेचता वेचता दोघी आईच्या गुडघेदुखीबद्दल बोलू लागल्या.

मे महिन्यात कला मुलांना घेऊन आठ दिवस राहायला आली. दोघी बहिणी गच्चीवर वाऱ्याला पडून बोलत. एकदा कलाने विचारलं, "ताई, तुला तेव्हा आवडले होते का गं हे?"

"पाच मिनिटांत काय कळतं माणसाचं?" सुमन म्हणाली, आणि झोपलेल्या भाचीच्या अंगावर पांघरूण ओढलं.

न्यायला गोरक्ष आला. सुमन स्टँडपर्यंत सोबत गेली आणि दिंडोरी रस्त्याला वळेपर्यंत बस बघत उभी राहिली. घरी आली तर भाचीचा फ्रॉक दोरीवरच राहून गेलेला. वणीला जाणाऱ्या कोणाबरोबर पाठवता आला असता. तिने तो वाळल्यावरही काढला नाही.