आबांची दोन मतं

शेजारचे आबा भांडल्याशिवाय चहासुद्धा पीत नाहीत. समोरच्याचं पटलं तरी आधी खोडून काढतात.

परवा पालीच्या ग्रामसभेत, गावचं गायरान रिसॉर्टला द्यायचं का, यावर हात वर करायचे होते. आबांनी 'द्यावं' म्हणणाऱ्यांबरोबर हात वर केला आणि 'देऊ नये' म्हणणाऱ्यांबरोबरही केला.

"आबा, एका माणसाचं एकच मत," सरपंचबाई वैतागल्या.

"पयलं माझं. रिसॉर्टात लोकं येत्याल, मला लई करमंल. दुसरं पणतवंडाचं. त्ये अजून जल्मायचंय, त्याला कोण इचारतंय?"

सभा हसली. "एकच धरणार हां," बाई म्हणाल्या.

आबा शेजारच्या रिकाम्या जागेशी दबक्या आवाजात हुज्जत घालू लागले. शेवटी म्हणाले, "मंग माझं खोडा."

घरी येईस्तोवर मात्र ते पुटपुटत होते, "कार्टं लई हट्टी निगालं!"