नकाशात लिफ्ट नव्हती

बंगळूरला जायचं ठरलं ते सुमामावशीच्या फोनमुळे. "अक्का, पाडव्याला मी स्टेजवर गाणार आहे, एकटी. पण तू समोर बसणार असशील तरच," एवढं आईला सांगून तिनं फोन ठेवला. मावशी आईची धाकटी बहीण, राजाजीनगरात चाळीसेक वर्षं मुरलेली. घरात फार गोड गाते, पण चार परकी माणसं दिसली की तिचा गळा धरतो. ते नाट्यपद तिला आईनंच शिकवलेलं, दोघींच्या लग्नांआधी, मिरजेत. अंतऱ्याला ती हमखास अडते आणि आईनं नुसते ओठ हलवले की तिला पुढचं आठवतं. म्हणून ही अट. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, काठीशिवाय ती कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही. पण फोन ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "तिकीट काढ."

मिरजेहून संध्याकाळच्या गाडीत बसलं की सकाळी बंगळूर. ज्येष्ठांसाठी खालचा बर्थ आधीच पाहून ठेवा, ऐनवेळी कुणी बदलून देत नाही. स्टेशनच्या बाजूलाच मॅजेस्टिकचं मेट्रो स्टेशन आहे आणि तिथून राजाजीनगर सरळ हिरव्या लाइनवर. पण मधलं चालणं गुडघ्यांचा जीव काढणारं, त्यामुळे आम्ही रिक्षा केली. "मीटर मेले स्वल्प कोडी," रिक्षावाला म्हणाला, म्हणजे मीटरवर थोडं जास्त द्या. आम्ही दिले. इथवर मला कुणाचाही राग आलेला नव्हता, हे लिहून ठेवते.

मावशीकडे पोहोचल्यावर गरम इडली, वडा आणि तिच्या मुलाचं, ओंकारचं, भाषण. ओंकार सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत प्रवाशांसाठीचं नकाशाचं ॲप बनवतो. आता ते ॲप इमारतींच्या आतही वाट दाखवणार होतं. मॉल, स्टेशनं, विमानतळ, सगळीकडे. आणि पहिला प्रयोग ज्या मॉलमध्ये चालू होता, नेमक्या त्याच मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मावशीच्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम.

"ताई, कुणाला काही विचारायचं नाही," तो माझा फोन हातात घेऊन म्हणाला. "गेटपासून खुर्चीपर्यंत ॲप नेईल. फुल कॉन्फिडन्स!"

पाडव्याला सकाळी घरात कडुनिंब-गूळ आणि होळिगे, म्हणजे तिकडच्या पुरणपोळ्या, झाल्या. गाणाऱ्यांना लवकर बोलावलं होतं, म्हणून ओंकार मावशीला घेऊन दुपारीच निघाला. पायरीवरून मावशीनं दोनदा मागे वळून पाहिलं. "अक्का, पहिल्या रांगेत हं. मधली खुर्ची धरून ठेवते." आई म्हणाली, "सरी, सरी, बरं, जा तू."

आम्ही मागून कॅबनं निघालो. राजाजीनगर ते सर्जापूर रोड म्हणजे शहर आडवं कापायचं. सणाचा दिवस, त्यामुळे भरपूर वेळ हाताशी ठेवून निघा आणि कॅबमध्ये पाणी ठेवा. आम्ही ठेवला होता तो वेळ. कार्यक्रमाला अवकाश असतानाच मॉलच्या दारात उतरलो.

ॲप उघडलं. निळा ठिपका अगदी आमच्या पायाखाली. आईलाही कौतुक वाटलं. चपलांचं दुकान, चष्म्यांचं दुकान, कॉफीचं दुकान, सगळं नावानिशी, रंगानिशी. मग बाण वळला आणि आम्ही सरकत्या जिन्याशी येऊन उभ्या राहिलो. आई सरकत्या जिन्यावर पाय ठेवत नाही. एकदा पदर अडकून पडली होती, मनगट मोडलं होतं. मी ॲपमध्ये दुसरी वाट मागितली. त्यानं मॉलच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. गर्दीतून, ढोल बडवणाऱ्या कलाकारांना वळसा घालून. तिथे दुसरा सरकता जिना. पुन्हा मागितली. तिसऱ्या वेळी साधा दगडी जिना, आणि खाली हिरव्या अक्षरांत: 'सर्वांत जवळची वाट'.

मी ओंकारला फोन केला. "ताई, ठिपक्यावर विश्वास ठेव," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला, कार्यक्रमाचं शूटिंग करत होता. नंतरचे सगळे फोन नुसते वाजत राहिले. लिफ्ट शोधायला मी ॲपच्या शोधपट्टीत 'लिफ्ट' लिहिलं. वजनं उचलायच्या जिमची जाहिरात आली! मॉलमध्ये आइस्क्रीम विकणारी प्रत्येक गाडी नकाशात आहे आणि लिफ्ट नाही. कुठल्या डोक्यातून निघतं हे?

आई घामाघूम झाली होती. तिनं माझा हात सोडला आणि मेंदी काढत बसलेल्या बाईला विचारलं, "लिफ्ट एल्लिदे?" मिरजेच्या बायकांना एवढं कानडी येतं. ती म्हणाली, "हिंदे अक्का, टॉयलेट पक्कदल्ली." मागे, स्वच्छतागृहाशेजारी. आम्ही आलो होतो त्याच दाराच्या बाजूला. मग तेवढं सगळं परत चालत जाणं. लिफ्टपुढे बाबागाड्यांची आणि सामानाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि भरलेली लिफ्ट पुनःपुन्हा समोरून वर जाणारी. रांगेत आई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ती अंतरा म्हणत होती.

अखेर आत शिरलो. फोनवर पाहिलं तर निळा ठिपका पार्किंगमध्ये पळाला होता.

हॉलचं दार उघडलं तेव्हा स्टेजवर लहान मुलींची लावणी चालू होती. पहिल्या रांगेत मधली खुर्ची रिकामी, तिच्यावर मावशीची पर्स. मावशी मागच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, गजरा हातात काढून घेतलेला.

"अडले गं अक्का," ती म्हणाली. "तिथंच अडले. खुर्चीकडं पाहिलं तर पर्स. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच. मग मंडळाची माणसं म्हणाली, असू दे काकू, छान झालं. टाळ्या पण वाजवल्या." मग गजऱ्याचा दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, "आता पुन्हा नाही बाई स्टेजवर."

आईनं मावशीच्या हातातला गजरा घेतला आणि पुन्हा तिच्या केसांत माळला.

मी ओंकारला बाहेर गाठलं. तो खरंच ओशाळला होता, पण कारण सांगायची घाई त्याहून मोठी. "ताई, लिफ्टमध्ये सिग्नल जातो ना, ठिपका उडतो. वरिष्ठांसमोर डेमो खराब दिसायचा. म्हणून पहिल्या व्हर्जनमधून लिफ्ट काढली. नंतर घालणारच होतो."

"आणि तुमच्या डेमोला गुडघे दुखणारं कुणी नव्हतं?"

"टीममध्ये सगळे तरुणच आहेत गं."

ऐकलंत? ठिपका सुंदर दिसावा म्हणून लिफ्ट पुसली. म्हातारी माणसं, पोटुशी बाई, चाकाच्या खुर्चीतला माणूस, सगळे एका ठिपक्यापायी मॉलमधून नाहीसे. 'ॲपवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी तूही शहाणीच,' असं कुणी मला सुनावलं तर ऐकून घेईन. पण विश्वास ठेवा असं सांगणाऱ्यानं आधी आपल्या आईला त्या वाटेनं चालवून बघावं. माझा राग ओंकारवर आहे, पण त्याहून जास्त त्या डेमोच्या खोलीत बसलेल्या सगळ्यांवर आहे, ज्यांना डेमो पाहताना 'लिफ्ट कुठाय' हा प्रश्न एकदाही पडला नाही.

परतीच्या दिवशी मावशीनं डब्यात होळिगे बांधून दिल्या, आणि गाण्याचं नावही काढलं नाही. आईनं तिला "म्हण ना, इथंच, माझ्यासमोर," असं सांगून पाहिलं. मावशी म्हणाली, "स्वल्प दिवस जाऊ दे अक्का." तुम्ही ज्येष्ठांना घेऊन बंगळूरच्या मॉलमध्ये जाणार असाल तर आधी मॉलच्या नंबरवर फोन करून लिफ्ट कुठल्या दाराजवळ आहे ते विचारा, त्याच दाराशी उतरा, आणि फोन खिशात ठेवा.

मिरजेत येऊन आठवडा झाला नसेल, तोच ओंकारचा मेसेज आला. नव्या व्हर्जनमध्ये सगळ्या लिफ्ट घातल्यात, मोठ्या मावशीला, म्हणजे आईला, नक्की सांग, पुढच्या वेळी काहीच त्रास होणार नाही. खाली हसरे चेहरे. आई भाजी निवडत होती. मी तिला मेसेज वाचून दाखवला.

तिनं ऐकलं, देठं बाजूला सारली आणि म्हणाली, "लिफ्ट घातली, बरं झालं. आता म्हणावं, तुझ्या आईला परत स्टेजवर नेऊन दाखव."

मी ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्यानं वाचलंय.